गाडीतला एक पॉइंट आणि सगळ्यांचे फोन

शुक्रवारची रात्र. पनवेल मागे पडलंय, पेण यायचंय, गाडीत आम्ही पाच जण. एवढ्यात मागच्या सीटवरून तो ठरलेला प्रश्न येतो, "ए, कोणाकडे सी टाइप आहे का?"

पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीये. एकाची केबल निघते, ती जुन्या पिनची. दुसऱ्याची निघते ती बरोबर असते, पण तिचं दुसरं टोकही सी टाइप आणि गाडीतलं पोर्ट जुनं चौकोनी. तिसरीकडे सगळं असतं, फक्त ते डिकीतल्या बॅगेत असतं. शेवटी एक केबल जमते आणि उलटा लिलाव सुरू होतो. "माझे नऊ टक्के." "माझे सहा." "मला घरी फोन करायचाय यार, आई जागी असेल." ज्याचे सगळ्यात कमी, त्याचा नंबर. त्या दिवशी नंबर माझा लागला. वडखळला नेहमीचं ट्रॅफिक, गाडी मुंगीच्या पावलाने. पोयनाडजवळ मी फोन उचलून बघितला. पाऊण तासात सहाचे अकरा झाले होते.

पाऊण तासात पाच टक्के! मला वाटलं केबल गेली. मग वाटलं फोन गेला. गाडीवाला मित्र म्हणाला, "माझ्या गाडीत असंच होतं." जसं काही तो गाडीचा स्वभावच आहे.

बिघडलेलं काहीच नव्हतं. बऱ्याच गाड्यांत म्युझिक सिस्टिमला जे चौकोनी यूएसबी पोर्ट असतं, ते मुळात पेनड्राइव्ह लावून गाणी ऐकायला दिलेलं असतं. त्यातून येणार 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर. गुणाकार केला की अडीच वॉट. तुमच्या फोनची बॅटरी 5000 एमएएचची असेल तर तिच्यात साधारण 19 वॉट-तास मावतात. आता 19 भागिले अडीच करा. साडेसात तास, आणि तेही वाटेत काहीच वाया जात नाही आणि तुम्ही फोनला हातही लावत नाही असं धरून. आम्ही काय करत होतो? माझ्या फोनवरून सगळ्यांना हॉटस्पॉट आणि वर गाणी. नळ थेंब थेंब गळतोय आणि बादलीला खाली भोक, असा प्रकार.

गंमत म्हणजे त्याच गाडीत, गिअरच्या पुढे, एक गोल सॉकेट होतं. झाकण लावलेलं. त्या झाकणाखाली बहुतेकांच्या गाडीत धूळ आणि टोलच्या पावत्यांचे तुकडे असतात. हे सॉकेट पूर्वी सिगारेट पेटवायला असायचं, आकार अजून तोच राहिलाय. त्यातून थेट गाडीच्या बॅटरीचे 12 व्होल्ट मिळतात आणि त्याचा फ्यूज साधारण 10 ते 15 अँपिअरचा असतो. म्हणजे शंभर वॉटच्या वर ताकद तिथे पडून आहे आणि आपण शेजारच्या अडीच वॉटच्या पोर्टवर भांडतोय.

त्या सॉकेटमध्ये नीट चार्जर लावला की चित्र बदलतं. 'नीट' म्हणजे काय, ते मला तरी कोणी शिकवलं नव्हतं. मी मास कॉमवाली, वॉट आणि अँपिअर दहावीनंतर भेटले नव्हते. पण एवढं कळलं की चार्जर आणि फोन आधी एकमेकांशी बोलतात. चार्जर सांगतो, माझ्याकडे 5 व्होल्ट आहेत, 9 आहेत, 15 आहेत. फोन सांगतो, मला 9 दे. दोघांची भाषा एक असेल तरच वेगाने माल मिळतो, नाहीतर गुपचूप 5 व्होल्टवर समझोता होतो. आज सगळ्यात जास्त फोनना समजणारी भाषा म्हणजे पीडी, पॉवर डिलिव्हरी. काही कंपन्यांची स्वतःची घरातली बोली असते. म्हणून तुमचा फोन त्याच्या बॉक्समधल्या विटेवर 80 वॉटने भरत असला तरी गाडीतल्या साध्या पीडी चार्जरवर त्याच्या बराच खाली येतो. त्यात फसवणूक नाही, भाषेचा प्रश्न आहे. आणि उलट भीतीही नको. 65 वॉटच्या चार्जरला 20 वॉटचा फोन लावला तर फोन 20च घेतो. दुकानात अजून लोक विचारतात, "जास्त पॉवरने जळणार नाही ना?"

घेताना दोन गोष्टींवर मी दोनदा फसलेय, म्हणून सांगते. एक, पाकिटावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बऱ्याचदा सगळ्या पोर्टांची बेरीज असतो. दोन फोन लावले की वाटणी. तेव्हा एका पोर्टाला किती, ते बारीक अक्षरांत वाचायचं. दुसरी केबल. चार्जरवर हजार रुपये घालायचे आणि केबल फुटपाथवरची पन्नासची, हा आपला राष्ट्रीय छंद आहे. पातळ केबलमध्ये वाटेतच व्होल्टेज पडतं आणि फोन पुन्हा मुंगीच्या पावलावर. अँड्रॉइडच्या स्क्रीनवर 'चार्जिंग रॅपिडली' आलं का, की नुसतंच 'चार्जिंग', एवढं बघायला दोन सेकंद लागतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पाऊण तास उशिरा भरेल फोन. घरी जाऊन लावू. आरामात.

मीही असंच म्हटलं असतं. पण मी थळची आहे. अलिबागच्या उत्तरेला, समोर खांदेरी-उंदेरी, एका बाजूला आरसीएफचा कारखाना आणि बाकी आम्ही. आणि मी 2020 चा जून बघितलाय.

3 जून, बुधवार. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत त्याच्याही वर, हे आकडे मी नंतर वाचले. तेव्हा फक्त आवाज होता. पत्रे उडण्याचा, आणि माड मोडण्याचा, जो एकदा ऐकला की कायम ओळखू येतो. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीतली निम्मी झाडं आडवी आणि विजेचे खांब त्यांच्याखाली. लाइट आज येईल, उद्या येईल करत दिवस गेले. खाली श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या लोकांनी तर कित्येक आठवडे अंधारात काढले, त्यांच्यासमोर आमचं काहीच नाही.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. वर लॉकडाऊन. आणि माझा मामा मुंबईत कोव्हिडने हॉस्पिटलमध्ये. तिथे कोणाला आत सोडत नव्हते, मामीलासुद्धा नाही. दिवसातून एकदा डॉक्टर मामीला फोन करायचे आणि मग मामी आईला. आमच्या घरातला तो एकच फोन दिवसभराचा.

पॉवर बँक दुसऱ्या दिवशी संपली. ती भरायची कुठे? मग आळीत बातमी फिरली की अमक्या काकांच्या गाडीत चार्जिंग होतंय. जुनी छोटी गाडी, माड तिच्या बाजूलाच पडला होता, गाडी कशी वाचली देव जाणे. काकांनी तिचं इंजिन सुरू ठेवलं, कारण नुसत्या बॅटरीवर फोन लावत बसलो तर गाडीच सुरू व्हायची नाही. पेट्रोल पुढे मिळेल की नाही याचा पत्ता नव्हता, तरी त्यांनी कोणाला नाही म्हटलं नाही. एका वहीत नावं लिहिली. प्रत्येकाला 15 मिनिटं. "गो बाय, झाला का तुझा? काढ आता, मागं चौदा जणं हायेत."

म्युझिक सिस्टिमचं पोर्ट. अडीच वॉट. 15 मिनिटांत तीन-चार टक्के.

सगळ्यात सुखी होती आमची आजी. तिचा बटणांचा फोन, बॅटरी केवढीशी. तेवढ्याच 15 मिनिटांत तिचा दिवस आरामात निघायचा. आळीतले स्मार्टफोनवाले तिच्याकडे येऊन "आजी, एक कॉल करू का?" विचारायचे आणि आजी भाव खायची.

वादळाच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मामीचा फोन आला. रेंज अधूनमधून यायची, तेव्हा होती. आईच्या फोनला चार टक्के. मामी म्हणाली, "डॉक्टरांचा फोन आलेला, ते म्हणाले की..." आणि स्क्रीन काळी झाली.

तुम्ही कधी आपल्या आईचा चेहरा अशा वेळी बघितलाय का? मी काही त्याचं वर्णन करणार नाही. आजीचा फोन होता की, लावायचा ना त्यावरून. पण मामीचा नंबर कोणाला पाठ होता? तो त्या काळ्या पडलेल्या फोनमध्ये होता. माझा फोन तर सकाळपासूनच बंद. आम्ही गाडीकडे धावलो. वहीतल्या माणसांनी मध्ये घुसू दिलं, त्यासाठी कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. तरी पूर्ण रिकामा फोन लगेच सुरू होत नाही, त्याला थोडं पोटात जावं लागतं. त्या पोर्टवर ते 'थोडं' जायला वीस मिनिटं लागली. सुरू झाला तेव्हा रेंज नव्हती. रेंज आली तेव्हा मामीचा फोन बिझी. सगळा मिळून दीड-पावणेदोन तासांचा खेळ झाला. आणि डॉक्टर म्हणाले काय होते, तर ऑक्सिजन कमी केलाय, पेशंट बरा आहे. मामा आज ठणठणीत आहे आणि हा किस्सा मामी हसून सांगते. आई अजून हसत नाही.

मला तो किस्सा वेगळ्या कारणासाठी छळतो. त्या गाडीतही गोल सॉकेट होतं. काकांच्या गुडघ्याजवळ, झाकणासकट. सगळे दिवस रिकामं. 20 वॉटचा एक चार्जर तिथे असता तर तेवढ्याच 15 मिनिटांत प्रत्येकाला तीन-चारच्या जागी वीसेक टक्के मिळाले असते. दोन पोर्टांचा असता तर रांग निम्मी. इंजिन तेवढंच चाललं असतं, पेट्रोल तेवढंच जळलं असतं. आळीत एकाकडेही तो नव्हता, आमच्याकडेही नव्हता, कारण 'गाडीत कशाला लागतोय फास्ट चार्जर?'

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. घरी गाडी असेल, रिक्षा असेल, टेम्पो असेल, तर पावसाळ्याआधी जशी ताडपत्री काढतो, टॉर्चचे सेल बघतो, तसा एक चांगला चार्जर आणि एक जाड केबल गाडीत कायमची ठेवा. खर्च हजाराच्या आत-बाहेर. तुम्ही मागच्या महिन्यात फोनच्या कव्हरांवर किती घातले ते मी विचारत नाही. घेताना पाकिटावर 12-24 व्होल्ट लिहिलंय ना बघा. मोठ्या गाड्यांना आणि काही बोटींना 24 व्होल्ट असतात, तिथेही तो चालेल. आणि वीज गेली म्हणून गाडी सुरू ठेवून फोन भरायचे असतील तर ती उघड्यावर हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणं म्हणजे विषारी वायूत बसणं, त्याला वासही येत नाही.

यावर घरातून हमखास येणारा मुद्दा, "फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते." माझे बाबा तर हे शपथेवर सांगतात. यात थोडं खरं आहे, पण दोषी वेगळा आहे. बॅटरीला मारते ती उष्णता. फोन स्वतः हुशार असतो, बॅटरी रिकामी असताना वेगाने घेतो आणि 80 टक्क्यांच्या आसपास आपणहून हात आखडतो. घोळ आपण घालतो. किनाऱ्यावर दुपारी गाडी उन्हात लावायची, काचा बंद, आतलं तापमान पन्नासच्या वर, मग फोन डॅशबोर्डवर काचेखाली ठेवायचा, त्यावर मॅप्स, ब्राइटनेस फुल आणि वर फास्ट चार्जिंग. आयफोनसाठी अ‍ॅपल स्वतः सांगतं की भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश असावं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत तेवढं असतं. तापलेला फोन चार्जिंग स्वतःच कमी करतो किंवा थांबवतो आणि आपण चार्जरला शिव्या देतो. आधी पाच मिनिटं गाडी गार होऊ द्या, फोन एसीच्या झडपेसमोर अडकवा, जाड कव्हर काढा. एवढंच.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी अजून एक. समुद्रात भिजलेला किंवा वाळू लागलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत असताना करंट गेला की आतल्या पिना सडतात. मी एक फोन असाच घालवलाय, वरसोलीच्या किनाऱ्यावर, सेल्फीपायी. गाडीतलं सॉकेटही खाऱ्या हवेने हिरवं पडतं, अधूनमधून कोरड्या कापडाने पुसा, गाडी बंद असताना.

आणि पॉवर बँक? हवीच. पण ती म्हणजे भरलेला हंडा. गाडी म्हणजे विहीर, टाकीत पेट्रोल असेतो.

आता पुन्हा त्या शुक्रवारच्या गाडीत चला, कारण तिथली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. लिलावात ज्याचे सगळ्यात कमी त्याचा नंबर, हे आमचं ठरलेलं. पण त्या रात्री गाडी चालवणाऱ्याच्या फोनवर मॅप सुरू होता आणि त्याचे चौदा टक्के होते. त्याने काही मागितलं नाही, कारण त्याचा आकडा 'चांगला' होता. कार्लेखिंडीच्या अलीकडे त्याचा फोन लो बॅटरीचा टुणटुण करायला लागला. त्याने एका हाताने माझी केबल उपटली आणि अंधारात स्वतःच्या फोनची खाच शोधायला लागला. शोधताना तो दोन सेकंद खाली बघत होता. वर बघितलं तेव्हा समोर सायकलवर एक माणूस होता, मागे लाल दिवा नसलेला. ब्रेक लागला. सायकलवाल्याला कळलंही नसेल. गाडीत मात्र अलिबागपर्यंत कोणी बोललं नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. रस्ता बघण्यासाठी फोन वापरायला नियमात परवानगी आहे, पण ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. केबलचा उल्लेख कुठल्या कलमात नसेल, पण त्या रात्री आमच्या आणि त्या सायकलच्या मध्ये केबलच आली होती. आणि ती मी ओढून घेतली होती. सहा टक्क्यांसाठी.

त्यामुळे आमच्या गाडीत आता नियम बदललाय. पहिला नंबर चालवणाऱ्याचा, त्याचे ऐंशी टक्के असले तरी. त्याचा फोन गाडी सुरू व्हायच्या आधी लागतो आणि उतरेपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. दुसऱ्या पोर्टवर बाकीच्यांनी काय ते भांडावं. शेजारी बसलेल्याने केबल बदलायची, फोन उचलायचे, गाणी लावायची. याला आम्ही 'क्लीनर' म्हणतो आणि बहुतेक वेळा तो मान माझा असतो.

गेल्या आठवड्यात घरी गेले तेव्हा बाबांच्या टेम्पोसाठी असाच एक चार्जर घेऊन गेले. 12-24 व्होल्ट, दोन पोर्ट, सोबत जाड केबल. बाबांनी उलटापालटा करून बघितला. "केवढ्याला?" सांगितलं. "एवढ्यात बर्फाच्या किती लाद्या आल्या असत्या, माहितीये?" मी गप्प. तरी रात्री त्यांनी टेम्पोत जाऊन तो लावून बघितला, हे आईने मला हळूच सांगितलं.

सकाळी उठले तर चार्जर गायब. काका पहाटे बोटीवर घेऊन गेला होता. बोटीच्या बॅटरीवर दोन नागड्या वायरी जोडून तो आजवर फोन भरायचा, चार तासांत निम्मा. दुपारी बंदरातून त्याचा बाबांना फोन आला, "हा काय परत मिळायचा नाय."

मी म्हटलं, ठीक आहे, टेम्पोला दुसरा आणते.

बाबा म्हणाले, "दोन आण. शेजारच्या काकांच्या गाडीतपण नाही अजून."